भोपळ्यातलं पाणी

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरात गुरुवारी येणाऱ्या अमेरिकन सुगीच्या सणाच्या, आधीच्या मंगळवारी रात्री जेवणं उरकली, भांडी आवरली, की आमच्या स्वयंपाकघरात एकच आवाज उरतो. सिंकच्या नळाला मलमलीच्या फडक्याची केशरी पुरचुंडी बांधलेली असते आणि तिच्याखालच्या पातेल्यात थेंब पडत असतात. आधी भराभर, मग सावकाश, मग इतके थांबून थांबून की आता संपलं असं वाटावं आणि तेवढ्यात आणखी एक टपकावा. दोन तासांत जवळजवळ कपभर फिकट पिवळं पाणी साठतं. त्यानंतर पुरचुंडीतला भोपळ्याचा गर चाळणीत घालून फ्रिजमध्ये जातो आणि रात्रभर तिथेही निथळत राहतो.

ताज्या भोपळ्याचा पाय, म्हणजे मैद्याच्या पारीत गोड सारण भरून ओव्हनमध्ये भाजायचा इथला पदार्थ, करायचा तर माझ्या लेखी आधी हे पाणी काढायचं. मैदा, बटर, अंडी, मसाले हे सगळं त्याच्यामागून येतं.

पहिल्या वर्षी हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात, कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात नुकते राहायला आलो होतो. शेजारच्या घरात एक वयस्कर जोडपं राहतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्या बाई कुंपणापाशी आल्या आणि म्हणाल्या, "थँक्सगिव्हिंगला आमच्याकडेच या. आणि पाय तू आण." परक्या गावात कुणी आपल्यावर असं एखादं काम सोपवावं याचा मला फार आनंद झाला. पाय मी तोवर एकदाच खाल्ला होता, केला तर कधीच नव्हता. पण आमच्या पायरीवर हॅलोविनच्या सणासाठी सजावटीला आणलेला मोठा थोरला भोपळा होता, न कोरलेला, ठणठणीत. तोच कापला, उकडला, गाळणीवर जरासा दाबला आणि कृतीत जेवढं माप होतं तेवढा गर मोजून वापरला. ओव्हनमधून काढला तेव्हा पाय सुरेख दिसत होता. टेबलावर पहिली फोड उचलली आणि तिच्या टोकाशी ताटलीत पाण्याचं ओघळतं तळं झालं. खालची पारी भिजून कागदासारखी लिबलिबीत. वर नुसती दालचिनी लागत होती, भोपळ्याचा पत्ताच नाही.

कुणी काही बोललं नाही. त्या बाईंनी आपली फोड शेवटच्या घासापर्यंत खाल्ली, आणि भांडी विसळताना मला हळूच म्हणाल्या, "भोपळ्यातलं पाणी काढलं नाहीस." दोष दाखवण्याचा सूर नव्हता. पुढच्या वर्षी मीच आणायचा आहे, हे त्यात गृहीत होतं.

त्या एका वाक्यामागे मी पुढचं वर्षभर लागले.

पहिली गोष्ट भोपळ्याची जात. हॅलोविनला पायरीवर ठेवतात तो भोपळा खाण्यासाठी निवडलेलाच नसतो. त्यातली हाउडन ही सगळ्यांत प्रसिद्ध जात आमच्याच राज्यातल्या जॉन हाउडन नावाच्या शेतकऱ्याने तयार केली. धरून उचलता येईल असा जाड देठ, गडद केशरी रंग, कोरायला सोयीचा आकार, हे तिचे गुण. आत गर पातळ, रेषाळ आणि पाणचट. पायसाठी घ्यायचा तो शुगर पंपकिन किंवा पाय पंपकिन. हा लहान असतो, अडीच-तीन ते चार पौंडांचा, हातात घेतला की आकारापेक्षा जड लागणारा. रस्त्याकडेच्या शेतमालाच्या टपरीवर तो ऑक्टोबरभर मिळतो. मी नेहमी देठ सुकलेला आणि साल नख न रुतेल इतकी टणक झालेली बघून घेते. घरी आणून लगेच कापतही नाही. गारव्याला, कोरड्या जागी दोन-तीन आठवडे ठेवला की त्याचा गोडवा वाढतो, कारण आतल्या पिष्टाची हळूहळू साखर होत असते.

दुसरी गोष्ट डब्याची. अमेरिकेतल्या बहुतेक घरांत पाय होतो तो डब्यातल्या गराचा, आणि त्यात काही गैर आहे असं मला वाटत नाही. 15 औंसांचा डबा उघडला की काम सुरू. हा गर मुख्यतः इलिनॉय राज्यातून येतो, तिथल्या मॉर्टन या गावच्या परिसरातून. हे गाव स्वतःला जगाची भोपळा-राजधानी म्हणवतं. पण डब्यावरच्या चित्रातल्या केशरी गोल भोपळ्याचा गर आत असतो, हा माझा भ्रमाचा भोपळा तेव्हा फुटला. आत असतो डिकिन्सन नावाच्या जातीचा भोपळा. तो लांबट आणि फिकट बदामी रंगाचा असतो. बटरनट नावाचा लांबट भोपळा ज्या प्रजातीतला, त्याच प्रजातीतला हाही. पायरीवरचे आणि पायचे केशरी गोल भोपळे दोन्ही याच्याहून निराळ्या प्रजातीचे. अमेरिकेच्या अन्नविषयक नियमांना हे चालतं, कारण पंपकिन आणि स्क्वॉश या भोपळ्यांच्याच दोन इंग्रजी नावांत वनस्पतिशास्त्रानेही काटेकोर रेघ ओढलेली नाही. डिकिन्सनचा गर दाट, गोड आणि रेषा नसलेला असतो, म्हणून त्याची निवड झाली. कारखान्यात त्याचं पाणीही बेताचंच ठेवतात. दरवर्षी, दर डब्यात, तोच दाटपणा.

मग ताजा भोपळा कशाला, असं लेकीने एकदा विचारलं होतं. मी तिला भाजलेला गर चमच्याने दिला, साखर-मसाला काही न घालता. ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "हे चेस्टनटसारखं लागतंय. आणि थोडं काकडीसारखं." अगदी बरोबर. भोपळ्याला स्वतःची चव आहे, फार हळू आवाजात बोलणारी. डब्यात ती शिजून शिजून खोल आणि तपकिरी होते. ताज्यात ती कोवळी, हिरवट कडेची राहते. ती ऐकायची असेल तर पाणी काढलंच पाहिजे, कारण भोपळ्याच्या वजनात 90 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. तेवढ्या पाण्यात तिचा आवाज बुडून जातो.

म्हणून उकडायचा नाही, भाजायचा. भोपळा देठाच्या बाजूने उभा कापते. सुरी एका फटक्यात जात नाही, ती रुतवून, वर-खाली हलवत न्यावी लागते, आणि मग एकदम कर्र करून दोन्ही वाट्या अलग होतात. त्या क्षणी येणारा वास मला फार आवडतो. ओल्या मातीचा आणि कापलेल्या कलिंगडाच्या पांढऱ्या भागाचा मिळून असावा तसा. बिया आणि जाळी हाताने ओढून काढायची, कडेला चिकटलेल्या रेषा चमच्याने खरवडायच्या. कापलेली बाजू खाली ठेवून 400 अंश फॅरनहाइटला तासभर. पाऊण तासाने साल सुरकुतायला लागते, ट्रेच्या कागदावर रस सुटून कडेकडेने करपतो आणि घरभर गोड, किंचित जळका वास पसरतो. सुरीचं टोक सालीतून लोण्यात जावं तसं गेलं की झालं. मग वाट्या उलट्या करून उताण्या ठेवायच्या आणि कोंडलेली वाफ जाऊ द्यायची. ही दहा मिनिटंसुद्धा पाणी काढण्याचीच.

साडेतीन पौंडांच्या भोपळ्यातून मिक्सरमधून काढलेला तीन कपांच्या आसपास गर निघतो. दही टांगावं तसा तो टांगला, रात्रभर निथळला, की दोन कपांच्या आत येतो. आणि एवढ्यावरही काम संपत नाही. बुधवारी सकाळी तो जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर आटवायचा. लाकडी उलथन्याने तळापासून हलवत राहायचं, कारण तो फुटफुटतो आणि हातावर उडतो. रंग बदलतो, केशरीतून विटकरीकडे. उलथन्याने मधोमध रेघ ओढली आणि ती मिटली नाही की आच बंद. डब्याच्या बरोबरीला येण्यासाठी पावणेदोन कप गर लागतो. भोपळा पाणथळ निघाला तर तेवढाही उरत नाही, म्हणून मी नेहमी दोन भोपळे आणते.

पहिल्यांदा मी असा गर आटवला तेव्हा शेजारच्या बाई सहज डोकावल्या होत्या. म्हणाल्या, त्यांची आई चुलीच्या मागच्या कडेला भोपळा दिवसभर ठेवून द्यायची, येता-जाता ढवळायची. मला ती एका घराची आठवण वाटली होती. नंतर वाचनात आलं की या प्रदेशात ही रीत निदान साडेतीनशे वर्षांची आहे. जॉन जॉसलिन नावाच्या इंग्रज प्रवाशाने 1672 मध्ये न्यू इंग्लंडबद्दल जे छापलं त्यात हे वर्णन आहे. इथल्या गृहिणी पिकल्या भोपळ्याच्या फोडी दोन-तीन गॅलनच्या भांड्यात भरतात, मंद विस्तवावर दिवसभर शिजवतात, फोडी खाली बसल्या की वरून नव्या घालतात आणि पाणी थेंबभरही घालत नाहीत. मग त्यात बटर, थोडा व्हिनेगर आणि सुंठीसारखा मसाला. "पाणी घालत नाहीत" हे त्याने मुद्दाम नोंदवलं, याचा मला विलक्षण आनंद झाला. बघणाऱ्याला त्या कामाचं मर्म दिसलं होतं.

त्याच्याही आधी, हजारो वर्षं, या खंडातल्या मूळ लोकांनी भोपळ्याशी हेच केलं होतं. मेक्सिकोतल्या वाहाका राज्यातल्या गिला नाकित्झ गुहेत सापडलेल्या बिया सांगतात की भोपळ्याची लागवड तिथे सुमारे 10,000 वर्षांपूर्वी होत होती, म्हणजे मक्याच्याही आधी. उत्तर अमेरिकेच्या ईशान्येकडच्या जमाती मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावत आणि त्यांना तीन बहिणी म्हणत. मक्यावर घेवडा चढतो, भोपळ्याची रुंद पानं जमीन झाकतात आणि ओल टिकवतात. स्क्वॉश हा शब्दसुद्धा नॅरगॅन्सेट लोकांच्या भाषेतून इंग्रजीत आला. हिवाळ्यासाठी भोपळ्याच्या चकत्या आणि लांब पट्ट्या कापून त्या उन्हात किंवा विस्तवाजवळ वाळवत. पाणी गेलं की भोपळा टिकतो. माझ्या नळावरची पुरचुंडी त्या वाळवणापुढे काहीच नाही, पण तिची जात तीच आहे.

1621 मध्ये आमच्याच राज्यातल्या प्लिमथला इंग्रज वसाहतवाल्यांनी आणि तिथल्या मूळच्या वॅम्पानोआग लोकांनी मिळून जी सुगीची मेजवानी केली, जिला पहिलं थँक्सगिव्हिंग मानतात, तिच्यात हा पाय नव्हता. भोपळे असतील. पण पारीसाठी लागणारं बटर आणि गव्हाचं पीठ त्यांच्याकडे नव्हतं. इंग्लंडमध्ये 17व्या शतकात भोपळ्याचा पाय होत होता खरा, पण त्यात भोपळ्याच्या चकत्या अंड्यात घोळून, तळून, सफरचंदं आणि मनुकांबरोबर थरांत लावत, आणि त्यात रोझमेरी, थाइमसारखा पाला असे. आजच्या पायची ओळख पटते ती 1796 मध्ये हार्टफर्डला छापलेल्या अमेलिया सिमन्स यांच्या "अमेरिकन कुकरी" या पुस्तकात. तिथे त्याला पुडिंग म्हटलं आहे, तरी तो पारीतच भाजायचा आहे. दोन कृती आहेत. एक श्रीमंती थाटाची: क्वार्टभर भोपळा, तीन पाइंट साय, नऊ अंडी, साखर, जायपत्री, जायफळ, सुंठ. दुसरी साधी: दूध, चार अंडी, काकवीसारखं दाट काळं मोलॅसिस, ऑलस्पाइस, सुंठ. पहिल्या कृतीतला भोपळा कसा हवा? शिजवलेला आणि गाळलेला. ते दोन शब्द वाचले आणि मला पुन्हा त्या भांडी विसळतानाच्या वाक्याची आठवण झाली.

मसाल्यांबद्दल माझं मत ठाम आहे. सप्टेंबर उजाडला की कॉफीपासून मेणबत्तीपर्यंत सगळीकडे जो पंपकिन स्पाइसचा वास येतो त्यात भोपळा नसतो, असते दालचिनी, लवंग, जायफळ. पाण्याच्या खालोखाल भोपळ्याची चव कुणी बुडवत असेल तर हा मसाला. मी एका पायला चमचाभर दालचिनी, अर्धा चमचा सुंठ, पाव चमचा ताजं किसलेलं जायफळ घालते आणि लवंग मुळीच नाही. लवंग एकदा शिरली की दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही. मसाले आणि ब्राउन शुगर मी आटत्या गरातच घालते. उष्णतेने त्यांचा कच्चेपणा जातो आणि ते गराच्या अंगात मुरतात.

पारीचं गणितही पाण्याचंच आहे, फक्त उलट्या बाजूने. सव्वा कप मैदा, चिमूट मीठ आणि एक काडी बटर, म्हणजे 113 ग्रॅम, फ्रिजमधून काढलेलं दगडासारखं गार. मोहन चोळतो तसं हे पीठभर एकजीव करायचं नाही. वाटाण्याएवढे तुकडे दिसत राहिले पाहिजेत. मग बर्फाचं पाणी, चमच्या-चमच्याने, तीन किंवा चार, मूठ वळली की बस. जास्त पाणी आणि जास्त मळणं म्हणजे मैद्याला चिवटपणा येणं. आणि बटर इतकं गार का? इथल्या बटरमध्ये 80 टक्के स्निग्धांश असतो आणि बाकी बहुतेक पाणी. पारीत अडकलेले ते तुकडे ओव्हनच्या तापात वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती पिठाला वर उचलते. तिथेच पदर सुटतात. ज्या पाण्याशी मी दोन दिवस भांडत होते, ते इथे नेमक्या जागी, नेमकं तेवढंच हवं असतं.

लाटलेली पारी काचेच्या डिशमध्ये बसवून, कडा मुडपून, अर्धा तास फ्रिजमध्ये. मग आत कागद घालून त्यावर वाळलेल्या घेवड्याचे दाणे ओतायचे, म्हणजे ती फुगत नाही, आणि आधी एकटीच भाजायची. दाणे काढून पुन्हा थोडी, तळ कोरडा आणि फिकट सोनेरी होईस्तोवर. काचेची डिश मी याचसाठी घेतली, खालून उचलून बघता येतं.

सारणात गरम गर, पाऊण कप दूध, तेवढीच साय आणि तीन अंडी. अंडी शेवटी, गराची वाफ जरा निवाल्यावर. हे कस्टर्ड पूडवालं नव्हे, अंड्यानेच धरणारं. अंड्यातली प्रथिनं तापून एकमेकांत गुंततात आणि त्या जाळ्यात द्रव अडकून राहतो. मधला भाग 175 अंश फॅरनहाइटला पोचला की जाळं नीट विणलं गेलेलं असतं. पुढे जाऊ दिलं तर ते आवळतं, पिळून पाणी बाहेर काढतं आणि वर भेग पडते. म्हणून पाय पूर्ण घट्ट होण्याआधीच काढायचा. डिश हलकेच हलवली की कडा स्थिर हव्यात आणि मधला तळहाताएवढा भाग थरथरला पाहिजे. राहिलेलं काम त्याच्या पोटातली ऊब करते. पहिली तीन वर्षं मला ही थरथर भीती घालायची आणि मी आणखी पाच मिनिटं, आणखी पाच मिनिटं करत राहायचे. आता ती बघायला मी ओव्हनच्या काचेपाशी गुडघे टेकून बसते.

मग थांबायचं. निदान तीन तास, जाळीवर, झाकण न घालता, कारण झाकलं की वाफेचे थेंब परत त्याच्यावरच पडणार. निवला की फ्रिजमध्ये. घरभर वास दरवळत असताना त्याला हात न लावणं, हे या सगळ्या प्रकारातलं सर्वांत कठीण काम आहे.

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार हा दिवस अमेरिकन काँग्रेसने कायद्याने पक्का केला तो 1941 मध्ये. त्याआधी 1863 मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, लिंकन यांनी देशभरासाठी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला होता. त्यासाठी सेरा जोसेफा हेल नावाच्या संपादिकेने वर्षानुवर्षं राज्यपालांना आणि राष्ट्राध्यक्षांना पत्रं लिहिली होती. न्यू हॅम्पशरमध्ये जन्मलेली बाई ती. तिच्या मनातल्या सणाच्या टेबलावर भोपळ्याचा पाय नक्की होता. आमच्या शेजारच्या टेबलावर तो आता दरवर्षी मधोमध ठेवतात. टर्की कडेला सरकते.

यंदाचा माझा सातवा. भोपळा चांगला निघाला होता, आत गडद आणि दाट, आणि पातेल्यात पाणीही नेहमीपेक्षा कमी पडलं होतं. मी फोडी कापून दिल्या. शेजारच्या बाईंचे हात आताशा थोडे कापतात, तरी ताटली त्यांनी स्वतःच धरली. दरवर्षी करतात तसं आधी काट्याने फोड जराशी तिरकी करून खालून पाहिली. मग काट्याच्या टोकाने पारीच्या बुडावर वाजवलं. टक्. आणि आपल्या नवऱ्याशी चाललेलं बोलणं न थांबवता त्यांनी साय वाढून घेतली.